तंजावरच्या कोलूवर बसलेली गाठ

तंजावरहून परत आल्यापासून कऱ्हाडात भेटेल ती बाई मला एकच विचारते, "मोठं देऊळ पाहिलंत की नाही?" पाहिलं हो. फार मोठं आहे, भर दुपारी गेलो म्हणून तळपाय भाजले, आणि वर बघता बघता मान अवघडली. पण नऊ दिवस रोज संध्याकाळी मी जिच्यासमोर मांडी घालून बसले ती देवी नव्हती. ती स्वादुपिंडाच्या कॅन्सरची गाठ होती. तिला मिशा होत्या, आणि येणारी प्रत्येक बाई तिला हळदीकुंकू वाहत होती. आता हे भाजीबाजारात उभ्या उभ्या कसं सांगायचं? म्हणून लिहायला बसले. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं वाण्याच्या पुडीचे कागद वाचून झालेलं. तेव्हा शास्त्रातलं काही चुकलं तर ते माझं, विदुलाचं नव्हे.

विदुला म्हणजे माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. पुण्यात शिकताना तिला माधवराव भेटले. ते तंजावरचे, पण मराठी. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. लग्नानंतर विदुला तंजावरला एका संशोधन संस्थेत डॉक्टरेटच्या खटपटीला लागली. नवरात्रात तिची महत्त्वाची परीक्षा होती आणि तिला माहेरचं कोणीतरी हवं होतं. तिचे बाबा, माझा भाऊ, जाऊन चार वर्षं झालेली. तेव्हा माहेरचं म्हणजे मीच. निघाले.

अमावास्या

दारातच विदुलाच्या सासूबाई उभ्या. रंगूबाई त्यांचं नाव, घरात सगळे अम्मा म्हणतात. ठेंगण्या, नाकात दोन्हीकडे चमक्या, आणि बोलणं असं की जुनी पोथी कोणीतरी तमिळ चालीवर वाचतंय.

"आलांत, विहीणबाई? प्रवास सुखें जाला? कापी घ्या आधी, मग बोलणें."

कापी म्हणजे कॉफी. पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात हातभर उंचीवरून ओतून देतात. मी तसं ओतायला गेले ते थेट चटईवर. रंगूबाईंनी फडकं दिलं आणि दुसरी कॉफी स्वतः ओतून दिली. दुपारी पानात डांगर पच्चडी आली. चाखून बघते तर काय, आपलंच उडदाच्या पिठाचं डांगर! दह्यात कालवलेलं, वर मोहरीची फोडणी. इतकी वर्षं माहेर सुटलं तरी नाव बदललं नाही बिचारीनं.

आपल्याकडे नवरात्र म्हणजे घट, माती, धान्य आणि माळ. त्यांच्याकडे कोलू. घरात लाकडी पायऱ्या मांडायच्या, पांढरं कापड अंथरायचं आणि बाहुल्यांचा दरबार भरवायचा. वर देव, मधे राजे आणि संत, खाली वाणी, लग्नाची वरात, शाळा, गाव. दर वर्षी एक तरी नवी बाहुली हवीच. रंगूबाईंनी यंदा भाजीवाली सांगितली होती.

जेवणं होतात तोच बाहुलीवाल्याकडून खोकं आलं. विदुला प्रयोगशाळेत गेलेली. रंगूबाईंनी सुतळी सोडली, पेंढा उपसला आणि आतून जे निघालं त्यानं आम्ही दोघी मागे सरलो. कलिंगडाएवढा, वांग्याच्या रंगाचा, सगळीकडून टेंगळं आलेला कागदी लगद्याचा गोळा. त्याला टपोरे डोळे. डोळ्यांखाली पिळदार मिशा. आणि भोवती तंजावरच्या त्या प्रसिद्ध मान डोलावणाऱ्या नर्तकी, बुडाशी सपाट आणि जड, वर हलक्या. प्रत्येकीच्या कमरेला काथ्याची दोरी, दुसरं टोक गोळ्याला घट्ट बांधलेलं.

"भाजीवाली कोठे?" मी विचारलं.

रंगूबाईंनी गोळ्याला एक बोट लावलं. सगळ्या नर्तकी एकदम माना डोलवायला लागल्या. रंगूबाईंचा चेहरा उजळला.

"हा राक्षस, विहीणबाई! देवीच्या पायांशीं राक्षस हवाच. मागितली भाजीवाली, दिला राक्षस. सेरी! देवीनेंच मागविला."

सेरी म्हणजे ठीक आहे, बरं. आम्ही दोघींनी तो परिवार उचलून मधल्या पायरीवर बसवला. मग वर कलश ठेवला, दिवा लावला, आरती झाली. कोलू बसला.

संध्याकाळी विदुला आली. चपला काढता काढता तिची नजर पायरीवर गेली आणि ती ओरडली, "अम्मा! ती माझी गाठ आहे!"

"तुझी ती घरचीच गो," रंगूबाई म्हणाल्या.

"तसं नाही! ती मला परीक्षेला न्यायची आहे. अष्टमीला!"

"आतां कशी नेशील? कलश बसला. दशमीपावेतों कोलूवरची बाहुली हलवूं नये."

"पण मी राक्षस नव्हता सांगितला, गाठ सांगितली होती! आणि हिला मिशा कोणी लावल्या?"

नर्तकी हो हो म्हणत राहिल्या.

मग विदुलानं मला बाजूला बसवून सगळं सांगितलं. तिला करायचा होता तो विषय तिच्या गाईडसाहेबांनी, डॉ. नटराजन यांनी, दोनदा परत पाठवला होता. त्यांचं म्हणणं, कॅन्सरच्या पेशी वाढतात कशा ते मोज आणि मोकळी हो. हिचं म्हणणं, मला गाठ नको, गाठीचा शेजार बघायचा आहे. अष्टमीला मद्रासच्या परीक्षक बाई येणार होत्या. तिघांची समिती बसणार, आणि या खेपेलाही नाही म्हणाले तर विषय कायमचा गेला. समितीत एक पदार्थविज्ञानाचेही प्राध्यापक होते, म्हणून गाईडसाहेबांनीच बजावलं होतं, सगळ्यांना समजेल असं काही डोळ्यांपुढे ठेव. म्हणून अम्मांच्याच बाहुलीवाल्याला चित्र देऊन करून घेतलेली ही बाहुली.

"शेजारच का गं?" मी विचारलं.

"आत्या, बाबांचं ऑपरेशन अर्ध्यावर सोडून डॉक्टर बाहेर आले होते, आठवतंय? म्हणाले, आत सगळं दगडासारखं घट्ट झालंय, गाठ कुठे संपते तेच कळत नाही. तो दगड कोणी केला, ते मला बघायचंय."

आठवतंय म्हणजे काय. त्या बाकावर मीच बसले होते तिच्या शेजारी.

दुसरी माळ, नदीकाठी

दुसरी गाठ करून मिळते का ते विचारायला मी आणि माधवराव त्यांच्या मोपेडवरून बाहुलीवाल्याकडे निघालो. तिरुवैयारूच्या रस्त्याला त्याचं गाव. दोन्हीकडे भातखाचरं, मधून कालवे, कालव्यावर वाकलेले माड. आपल्या कृष्णाकाठी नदी म्हटली की एकच. इथे कावेरी इतक्या फाट्यांनी पसरलेली की दर पुलावर मी हात जोडते आणि माधवराव म्हणतात, "ही नव्हे, आत्या, ती पुढें." शेवटी मी सगळ्यांनाच नमस्कार करायचं ठरवलं.

तिकडची एक पद्धत मला माहीत नव्हती. झोडलेलं भात लोक खुशाल डांबरी रस्त्यावर वाळत घालतात. आमची मोपेड त्या सोनेरी गालिच्यावर गेली आणि शांतपणे आडवी झाली. लागलं काही नाही, मी भाताच्या राशीत नीट मांडी घालून बसल्यासारखी बसले होते. राखण करणारी बाई पोट धरून हसली, मला उठवलं, माझं लुगडं झटकलं आणि झटकलेलं भात परत राशीत टाकलं. एक दाणा वाया जाऊ दिला नाही.

बाहुलीवाला सुब्बय्या ओसरीवर माना वाळवत बसला होता. नुसत्या माना, ओळीनं. माधवरावांनी तमिळमधून विचारलं, गाठीला डोळे कशाला?

"डोळ्यांशिवाय बाहुली माझ्या घराबाहेर जात नाही. अपशकून."

"आणि मिशा?"

"डोळे रंगवले तर तोंड बाईचं दिसायला लागलं. बाईचा असा आकार केला म्हणून माझी बायको बोलायची थांबेना. मिशा रंगवल्या, ती थांबली."

दुसरी गाठ अष्टमीपर्यंत? त्यानं वाळत घातलेल्या मानांकडे हात केला. लगदा वाळायचा, रंग चढायचा, दिवाळी उजाडेल म्हणाला. नर्तकींना बांधलेला काथ्या मात्र त्यानं मन लावून आवळला होता, ते अभिमानानं सांगितलं. विदुलानं दिलेल्या चित्रावर लिहिलं होतं, 'फार घट्ट.'

राहून गेलेली भाजीवाली त्यानं माझ्या मांडीवर दिली. परतीच्या वाटेवर दर खड्ड्याला ती मान डोलवत होती, आणि पुढून माधवराव म्हणत होते, "विदुला रागावणार, नाही का?"

भाजीवाली म्हणाली, हो.

सहावी माळ

तिकडे कोलू बघायला आलेल्या बाईनं बाहुल्यांसमोर बसून गाणं म्हणायचं असतं. येत नाही म्हणून चालत नाही. गाणं झालं की कुंकू, विडा, नारळ आणि सुंडल, म्हणजे उकडलेले चणे किंवा वाटाणे, वर खोबरं. आपल्याकडे भोंडल्याला खिरापत ओळखायला लावतात ना, तसंच काहीसं, फक्त इथे घसा पणाला लागतो.

पहिल्या दिवशी आलेल्या बायका राक्षस म्हणून गाठीकडे बघून गेल्या. पण विदुलाला ते सहन होईना. तिनं सगळ्यांना खरं सांगायला सुरुवात केली, की हा राक्षस नव्हे, हा कॅन्सर आहे. झालं! बायका गायला बसायच्या, सूर लावायच्या, नजर मिशांवर जायची आणि आवाज बसायचा. कॅन्सरपुढे कोणतं गाणं म्हणायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एकीनं अंगाई म्हटली. एकीनं हात जोडून आपल्या आत्तेभावाची तब्येत कशी आहे ते गाठीलाच विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी आपली भूपाळी म्हटली. तर विदुला कानात म्हणते, "आत्या, उठवू नकोस तिला!"

सुंडल मात्र सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं.

रंगूबाईंना यजमानीण म्हणून काहीतरी सांगणं भाग होतं. विदुला त्यांना चुलीपाशी समजावून द्यायची आणि त्या बाहेर येऊन तमिळमधून ऐकवायच्या. दर वेळी त्यात त्यांची थोडी भर. सहाव्या दिवशी गाईडसाहेबांच्या पत्नी, मीनाक्षी मामी, आल्या. तोवर रंगूबाई तयार झालेल्या. मामींनी विचारलं, "मिशीवाला दुष्ट, ते समजलं. या नाचणाऱ्या कोण?"

"शेजारणी," रंगूबाई म्हणाल्या. "चांगल्या घरच्या. निजल्या होत्या. यानें कांहीं सांगितलें, या हो म्हणाल्या. मग काथ्या वळूं लागल्या. आतां पाहा, औषध आंत जाईना."

त्यांनी बोट लावलं. सगळ्या माना हलल्या.

"अय्यो!" मामी म्हणाल्या. "आमच्या गल्लीसारखंच आहे हे."

मामी घरी जाऊन नवऱ्याला काय म्हणाल्या देव जाणे. दुसऱ्या दिवशी गाईडसाहेबांनी विदुलाला बोलावून विचारलं, "सहा महिने तू जे मला सांगते आहेस ते माझ्या बायकोला सुंडल खाता खाता कसं समजलं? ती बाहुली आण."

"सर, ती हलवता येत नाही."

"एवढी जड आहे?"

"नाही सर. कोलूवर आहे."

गाईडसाहेब तिथलेच. त्यांच्याही घरी कोलू होता. दशमीच्या आत बाहुली उचला असं म्हणण्याची त्यांची छाती नव्हती. एकीकडे विद्यापीठ, एकीकडे रंगूबाई. तोवर रंगूबाईंनी माधवरावांना एसटीडी बूथवर पाठवून परीक्षक बाईंना मद्रासला फोन करवलाही होता. सवाशीण बाई नवरात्रात गावात यायची आणि विडा न घेता जायची, हे त्यांच्या घरात घडणं शक्य नव्हतं. अष्टमीला चार वाजता घरीच या, म्हणून कळवलं. मग परीक्षाही कोलूपुढेच ठरली.

आठवी माळ

आणि आली हो समिती! गाईडसाहेब, पदार्थविज्ञानाचे उंच प्राध्यापक आणि परीक्षक वसंता बाई. बाई कडक, पांढऱ्या केसांच्या, कांजीवरम नेसलेल्या, हातात चामड्याची बॅग. तिघं चटईवर बसली. प्राध्यापकांचे गुडघे कानापर्यंत आले. मी कोपऱ्यात भाजीवालीला धरून बसले, कारण माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

विदुला इंग्रजीत बोलली, पण आदल्या रात्रीपर्यंत तिनं मलाच बसवून मराठीत तालीम केली होती, म्हणून मला समजत होतं. इतकी वर्षं जग गाठीतल्या कॅन्सरच्या पेशींकडेच बघत होतं, ती म्हणाली. पण स्वादुपिंडाच्या गाठीत त्या पेशी बऱ्याचदा थोड्याच असतात. बाकीचा कठीण पसारा भोवतालचा. अलीकडे काही संशोधकांना तिथे ताऱ्याच्या आकाराच्या पेशी सापडल्या आहेत. एरवी त्या अ जीवनसत्त्वाचे थेंब पोटाशी धरून निवांत पडून असतात. काही बिघडलं की जाग्या होतात आणि तंतू विणायला लागतात. तंतूंत रक्तवाहिन्या चेपतात, शरीराचे पहारेकरी अडकतात किंवा फितूर होतात. मग आपण नुसत्या मिशीवाल्याकडे बघून कसं चालेल?

तेवढ्यात पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी एका नर्तकीला टिचकी मारली. ती डोलली, काथ्या ताणला, शेजारची डोलली, मग तिच्या शेजारची. त्यांनी परत मारली. पुढची सगळी परीक्षा ते टिचक्याच मारत होते. असं समाधान मी लहान मुलाच्या तोंडावरही क्वचित पाहिलंय.

वसंता बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "ही भिंत वाईट, असं तुम्ही धरून चालला आहात. पण ती भिंत गाठीला कोंडूनही ठेवत असेल. तुम्ही ती फोडली आणि आतला मोकळा सुटला तर?"

माना हलण्याची टकटक चालूच. मी विदुलाकडे बघितलं. ही ओळ तालमीत नव्हती. तिचा हात पदराशी गेला, तसा तो त्या बाकावर गेला होता, डॉक्टर बाहेर आले तेव्हा.

"मला माहीत नाही, मॅडम," ती म्हणाली. "म्हणून फोडायचं मी म्हणतच नाही. त्या आधी झोपलेल्या होत्या. त्यांना कोणी उठवलं आणि परत निजवता येतील का, एवढंच मला शोधायचंय. कदाचित नाहीच येणार."

गाईडसाहेब जमिनीकडे बघत होते. वसंता बाईंनी वहीत काही लिहिलं, वही मिटली आणि सुंडलाच्या ताटलीकडे हात केला.

"गाणें?" रंगूबाई म्हणाल्या.

"मी परीक्षक आहे," बाई म्हणाल्या.

"असाल. गाण्याविना सुंडल नाहीं."

वसंता बाई गायल्या. आणि काय गायल्या! असा आवाज त्या बॅगेत घेऊन ही बाई गावोगाव मुलांना नापास करत फिरते, यावर माझा विश्वास बसेना. मग प्राध्यापकांनी गुणगुणल्यासारखं काही केलं. गाईडसाहेबांना काहीच येत नव्हतं. शेवटी त्यांनी डोळे मिटून, हात जोडून, मिशीवाल्यासमोर शाळेतली प्रार्थना म्हटली. नर्तकींनी मान डोलावली, त्यावर ते पहिल्यांदा हसले.

विडा घेऊन निघताना वसंता बाई दारात थांबल्या आणि गाईडसाहेबांना म्हणाल्या, "तिला हाच विषय करू दे." मग विदुलाकडे वळून, "मात्र प्रबंधातल्या चित्रात मिशा नकोत."

विदुला आत गेली आणि चुलीपाशी बसून रडली. रंगूबाईंनी तिच्यापुढे उरलेलं सुंडल ठेवलं आणि म्हणाल्या, "तूं गाइली नाहींस. तरी खा."

दशमी

दशमीच्या संध्याकाळी आरती झाली की कोलूवरची एखाद-दुसरी बाहुली आडवी निजवतात. म्हणजे दरबार संपला. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचं. दर वर्षी लाकडी राजा-राणी निजतात. यंदा रंगूबाई म्हणाल्या, "हा निजूं दे. फार जागला."

त्यांनी गाठीला दोन्ही हातांनी आडवं केलं. सोडलं. काथ्या ताणलेला, तिकडून नर्तकींची जड बुडं. गाठ टुणकन उठून बसली, आणि सगळ्यांनी हो हो म्हटलं.

परत निजवलं. परत उठली. मिशा तशाच पिळदार.

"कात्री आणूं काय?" माधवराव म्हणाले.

"कोलूवर कात्री!" रंगूबाई त्यांच्यावर अशा उखडल्या की ते दोन पावलं मागे गेले. मग कमरेवर हात ठेवून त्यांनी काथ्या कुठून कुठे जातो ते बघितलं. आणि गाठीला सोडून त्यांनी पहिल्या नर्तकीला उचलून आडवं केलं. हळूच, तान्ह्याला ठेवावं तसं. मान दोनदा डोलली आणि थांबली. मग दुसरीला. मग तिसरीला. मीही कडेच्या दोघींना निजवलं. काथ्या सैल पडत गेला. शेवटची निजली तेव्हा रंगूबाईंनी एका बोटानं गाठीला ढकललं. ती कलली. थोडी डुलली. पडून राहिली.

खोलीत काहीच हलत नव्हतं. विदुला दिव्यापाशी उभी होती. मला वाटलं, आता हिला बाबा आठवले, आता ही परत रडणार. मी तिच्याकडे जायला उठलेच.

"अम्मा," ती म्हणाली, "परत उभं करून आणखी एकदा निजवता का? एकदाच झालं तर शास्त्रात कोणी खरं धरत नाही."

"गप," रंगूबाई म्हणाल्या, आणि गाठीच्या अंगावर धोतराचा तुकडा घातला. "निजलेल्याला उठवूं नये. पुढल्या वर्षीं पाहूं."